तेविसाव्या ओळीतली खूण

३ मार्च, सोमवार

पुन्हा पांढरं! डावीकडची पट्टी उजवीकडे ओढली की अख्खा पडदा पांढरा. तीनदा करून बघितलं, तीनदा तेच. म्हणजे माझा हात चुकत नाही, त्याचंच काहीतरी चुकतंय. रिपोर्ट लिहिला. पाऊण तास गेला. 'ओढली' लिहावं की 'सरकवली', यातच दहा मिनिटं! सातवीत शाळा सुटली, त्याचं हे असं होतं.

ही दारातून म्हणाली, "डब्यातल्या डब्यात काय शोधत असता हो दिवसभर?"

बरोबर आहे तिचं. मुलगी परगावी जाताना तिचा जुना कॉम्प्युटर मला देऊन गेली, त्यावर लिनक्स ही फुकटातली प्रणाली घालून. तो बाहेरचा डबा. त्याच्या आत व्हर्च्युअल मशीन — खरं यंत्र नाही, नुसता प्रोग्राम, पण स्वतःला यंत्र समजतो. त्या आतल्या डब्यात मी लिनक्सच्या डेस्कटॉपची अजून प्रसिद्ध न झालेली आवृत्ती घालतो आणि मोडेपर्यंत वापरतो. मोडला तर मोडला. बाहेरच्याला ओरखडा नाही. शिवाय काही करायच्या आधी स्नॅपशॉट घेऊन ठेवायचा. घोटाळा झाला की एक बटण, आणि सगळं होतं तसं. एकाहत्तर वर्षांत असली सोय मला कुणी दिली नव्हती.

एकतीस ओळींची यादी आहे. हे करून बघा, ते करून बघा, पुढे खूण करा, नाव टाका. प्रत्येक ओळीला दोन माणसांची खूण लागते. आमच्या भाषेच्या तपासणी-गटात नऊ जण, सगळे टोपणनावानं. मुख्य बाई 'मधमाशी' — कामाला वाघ, आणि डंखही तसाच. मी 'बुडबुडा'.

आज एकोणीस झाल्या. गुरुवारी पाचला यादी बंद.

४ मार्च, मंगळवार

बावीस. कंबर धरली.

६ मार्च, गुरुवार

लिहू नये असं वाटतंय. पण सांगणार कुणाला?

तेविसावी ओळ मागे ठेवली होती, कारण ती सगळ्यांत किचकट. कुलूपबंद फोल्डर. आधी जुन्या आवृत्तीत पासवर्ड घालून फोल्डर करायचा, आत दोन कागद ठेवायचे, बंद करायचा. मग नवी आवृत्ती चढवायची, मशीन पुन्हा सुरू करायचं आणि बघायचं — तोच फोल्डर त्याच पासवर्डनं उघडतो का. माझ्या मशीनवर नवी आवृत्ती चढायलाच चाळीस मिनिटं लागतात. चार वाजून गेले होते. हिची दाढ ठणकत होती आणि साडेचारची वेळ घेतलेली.

"अहो, येताय की मी एकटी जाऊ?" गालाला हात लावून उभी.

त्या ओळीवर 'पाणकावळा' यांची खूण होतीच. ते जुने, जाणते. म्हटलं, त्यांनी बघितलंय, दुसरी खूण काय, नावापुरती. पुढे एक चौकट होती: 'जुन्या आवृत्तीपासून करून बघितलं का?' 'नाही' केलं की ओळ पिवळी राहते. तीस ओळी हिरव्या आणि एकच पिवळी!

'हो' केलं.

दवाखान्यात बाकावर बसून मनात मोजत होतो — घरी असतो तर आत्ता कुठवर आलं असतं. दाढ काढावी लागली नाही. परत येईपर्यंत यादी बंद झाली होती.

७ मार्च, शुक्रवार

मधमाशीबाईंचा निरोप, सगळ्यांना: "बुडबुडा काकांच्या एकतीसच्या एकतीस ओळी पूर्ण! सगळ्या भाषांत आपली यादी पहिली भरली." खाली टाळ्यांची चित्रं. आठ जणांच्या टाळ्या.

मी पंपाच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासणीला होतो. पंप हौदात बुडवायचा, हवा सोडायची, दोन मिनिटं बुडबुडे येतात का बघायचं. आले नाहीत तर हिरवा ठिपका. दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं! साहेब डोक्यावर येऊन उभा राहिला तरी मी घड्याळावरून नजर काढली नाही. पाण्यात न बुडवता एकाही पंपाला ठिपका दिला नाही. हा हट्ट इतका होता की लोक हसायचे — "याच्या बायकोला पण हा पाण्यात बुडवून घेऊन आला असेल."

आणि काल?

आज बसून करून बघतो. अजून प्रसिद्ध व्हायला पाच दिवस आहेत. दोष निघाला तर सांगता येईल.

८ मार्च, शनिवार

नळवाला आला. दिवस त्यातच गेला.

१० मार्च, सोमवार

नाही केलं. कुणी विचारतही नाही. खरं कारण लिहून ठेवतो — दोष निघालाच तर खूण खोटी होती हे कबूल करावं लागेल. न निघण्याची खात्री नाही, म्हणून बघायलाच नको. घाबरट!

१२ मार्च, बुधवार

प्रसिद्ध झाली! पानाच्या तळाशी तपासणाऱ्यांची नावं आहेत. जगभरच्या दोनशे नावांत एक 'बुडबुडा'. हिला दाखवलं. चष्मा लावून बघितलं तिनं. म्हणाली, "खरं नाव घातलं असतं तर चार माणसांत दाखवता तरी आलं असतं."

मनातलं मळभ गेलं. दोनशे माणसांनी बघितलंय. एकट्या माझ्यामुळे काय अडणार आहे?

१५ मार्च, शनिवार

सकाळी वर ताईकडे गेलो.

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही. कोर्टात टायपिस्ट होती. निवृत्त झाल्यावर घरीच लोकांचा मजकूर टाइप करून देते. मला टायपिंग तिनंच शिकवलं, करंगळी चुकली की पट्टीनं मारून. अजून मला ठोंब्याच म्हणते. आमच्याच वरच्या मजल्यावर राहते, पण जेवायला बोलवलं की उत्तर ठरलेलं: "काम पडलंय रे, मला कुठली उसंत." सध्या वकीलकाकांच्या आठवणींचं पुस्तक चाललंय. चारशे पानं झाली म्हणे, सगळी कुलूपबंद फोल्डरमध्ये. तिच्या मशीनवरही माझ्यासारखंच लिनक्स आहे.

म्हटलं, "ताई, तुझ्या मशीनवर नवी आवृत्ती घालतो. मी स्वतः तपासलीय."

"तू तपासलीस म्हणून तर भीती वाटते," ती म्हणाली. पण हसली. तिला माझं कौतुक वाटत होतं, ते दिसत होतं. शेजारणीला सांगितलंय तिनं — आमचा ठोंब्या आता कॉम्प्युटरवाल्यांच्या चुका काढतो.

घातली. तासाभरात झाली. सगळं छान दिसत होतं. अक्षरं मोठी करून दिली. मग मीच म्हटलं — मीच! — "तुझा तो कुलपाचा फोल्डर एकदा उघडून बघ ना."

"कशाला? असू दे."

"अगं, बघायला नको?"

"दुसऱ्याचा मजकूर आहे, ठोंब्या. तुझ्यासमोर कसा उघडू?"

"मी तिकडे तोंड करतो."

भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, शाळेत राहायचो तसा. कीबोर्डच्या कळा वाजल्या. थांबल्या. पुन्हा वाजल्या.

"नाही उघडत," ती म्हणाली.

पासवर्ड चुकत असेल म्हणून मी खुर्चीत बसलो. ती सांगेना. मग कानात सांगितला — आईचं माहेरचं नाव आणि आमचा जुना घर क्रमांक. तीनदा घातला. तीनदा 'हा फोल्डर उघडता येत नाही'. पासवर्ड चूक असंसुद्धा म्हणत नाही. फक्त उघडता येत नाही.

तेविसावी ओळ.

"वकीलकाकांनी हातानं लिहिलेलं असेलच ना कुठेतरी?" मी विचारलं.

तिनं आधी कीबोर्ड सरळ केला. मग म्हणाली, "ते तोंडी सांगायचे. मी थेट टाइप करायची."

"दुसरीकडे कुठे कॉपी?"

"नाही."

हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत राहिली. "चारशे पानं गेली म्हणायची," असं हळूच म्हणाली, जसं काही ते वाक्य कसं वाटतं ते बघत होती. पट्टीनं मारलं असतं तर बरं झालं असतं.

आणि इथे स्नॅपशॉट नाही. खऱ्या मशीनला मागे जायचं बटण नसतं. आतल्या डब्यात इतके दिवस राहून मी हे विसरलोच होतो.

१६ मार्च, रविवार

गटात आणखी तिघांची तीच तक्रार आलीय. एकाचे औषधांचे कागद अडकलेत.

मधमाशीबाई लिहितात: "पाणकावळा, तेविसावी ओळ तुम्ही कशी केली होती?" पाणकावळ्यांनी सरळ सांगून टाकलं — त्यांनी फोल्डर नव्या आवृत्तीतच करून बघितला, आणि त्यांच्या चौकटीत तसं 'नाही' लिहिलेलंच आहे. प्रामाणिक माणूस.

मग बाईंनी लिहिलं: "म्हणजे जुन्यापासून करून बघितलेलं फक्त बुडबुडा काकांनी. त्यांच्या व्हर्च्युअल मशीनवर उघडतं, लोकांच्या खऱ्या मशीनवर उघडत नाही. तेव्हा दोष डिस्कशी संबंधित दिसतो. सगळ्यांनी तिकडे शोधा."

माझी खूण नुसती खोटी नाही. ती खोट्या दिशेला बोट दाखवतेय!

१८ मार्च, मंगळवार

तिकडे तीन प्रोग्रामवाले डिस्कच्या मागे लागलेत. एक म्हणतो, घरच्या चार डिस्क काढून-घालून बघितल्या. सुट्टी टाकली त्यानं!

उत्तर लिहायला घेतलं. 'मी ६ तारखेला' एवढं लिहिलं. पुसलं. पुन्हा लिहिलं. जेवायची वेळ झाली.

१९ मार्च, बुधवार

नाही लिहिलं.

२० मार्च, गुरुवार

म्हटलं, निदान वकीलकाकांची माफी मागू. ताईला न विचारता निघालो. तीन गल्ल्या पलीकडे त्यांचं घर. ते फाटकात उभे राहून कुंडीत पाणी घालत होते. मी पलीकडच्या फुटपाथवर. वाटेत वाक्य जुळवून ठेवलं होतं: 'काका, तुमच्या आठवणी माझ्यामुळे गेल्या.' चांगलं वाक्य होतं.

त्यांनीच हाक मारली. "काय हो, इकडे कुठे? ताई बऱ्या आहेत ना? किती महिन्यांत दिसल्या नाहीत!"

टोमणा! सभ्य माणसाचा टोमणा असाच असतो. 'माझं काम कुठवर आलं' असं तोंडावर विचारणार नाहीत. 'दिसल्या नाहीत' म्हणतील.

"बरी आहे, बरी आहे," म्हटलं आणि औषधाच्या दुकानात शिरलो. आता शिरलोच म्हणून खोकल्याच्या गोळ्या घेऊन आलो. खोकला कुणालाच नाही.

ताईला सांगितलं तर भडकली. "त्यांच्याकडे कशाला कडमडलास? त्यांना एक अक्षर सांगायचं नाही. माझं काम आहे, मी बघीन काय ते!" इतकी चिडलेली तिला कित्येक वर्षांत बघितली नव्हती. मला पाठीशी घालतेय. सगळं स्वतःच्या अंगावर घेतेय.

२१ मार्च, शुक्रवार

आज ताई जेवायला आली. बोलवलं नव्हतं! बारा वाजता दार वाजलं. "काय केलंयस गं आज?" असं हिला विचारत सरळ पाटावर. दोनदा वाढून घेतलं. शेजारीण आली होती भांडं परत द्यायला, तिला म्हणाली, "काम बंद केलं हो मी आता. मशीननं सगळं गिळलं. पुन्हा चारशे पानं कोण बडवणार या वयात?" आणि हसली.

माझा घास तोंडात फिरायला लागला.

शेजारीण गेल्यावर ही म्हणाली, "ताई बऱ्या दिसतायत हो. चेहऱ्यावर तेज आलंय."

"मला अपराधी वाटू नये म्हणून चाललंय सगळं," मी म्हटलं.

"सगळं तुमच्यासाठीच चालतं का जगात?"

हिला कळायचं नाही. माझी बहीण आहे ती. लहानपणी माझ्या हातून तेलाची बरणी फुटली तेव्हा पण 'मी फोडली' म्हणून पुढे आली होती.

२२ मार्च, शनिवार

ताई आजही आली. पत्ते आणले होते! पत्ते तिनं कोर्टात लागल्यावर सोडले होते. हिला सलग चार डाव हरवलं.

२३ मार्च, रविवार

हिला सगळं सांगून टाकलं. खूण, चौकट, दाढेची वेळ. शेवटचं सांगायला नको होतं.

"म्हणजे माझ्या दाढेमुळे!"

"तसं नाही गं."

"तसंच म्हणताय तुम्ही." डाळ निवडत होती, हात थांबला नाही. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मी काय पुसून देणार आहे? ती तुमची माशी की कोण, तिला सांगा. लोक बिचारे भलतीकडे खणतायत, आणि तुम्ही इथे उसासे टाकताय."

"नाव जाईल माझं."

"कुठलं नाव? बुडबुडा?"

हसू आलं. रडूही. एकाच वेळी दोन्ही येतं हे आज कळलं.

२४ मार्च, सोमवार

लिहिलं. सकाळी नऊ ते साडेअकरा लागले. जसंच्या तसं इथे उतरवून ठेवतो:

'तेविसाव्या ओळीवरची माझी खूण खोटी आहे. मी ते करून बघितलं नाही. वेळ नव्हता. चौकटीत हो लिहिलं तेही खोटं. तुम्ही डिस्क तपासत बसलात ते माझ्यामुळे. मी १६ तारखेपासून गप्प बसलो, ते जास्त वाईट. माझ्या बहिणीचा फोल्डर मीच बंद पाडला आहे. माझं नाव यादीतून काढावं.'

पाठवलं आणि कॉम्प्युटर बंद करून बाजारात गेलो. कोथिंबीर दोनदा घेतली.

दुपारी उघडून बघितलं. पाचसहा जणांनी वाचलं होतं. चार डिस्क काढणाऱ्याचं एकच वाक्य आलं: "काका, मी माझी सुट्टी घालवली यात." बस. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

संध्याकाळी मधमाशीबाई. मला वाटलं, आता डंख. त्यांनी लिहिलं: "नाव काढणार नाही. ते काढलं की तुम्ही सुटाल. आता बसा आणि तेविसावी ओळ करा. जुन्यापासून. प्रत्येक पायरी लिहा, घड्याळ लावून."

हाच डंख.

२५ मार्च, मंगळवार

केलं. मागच्या स्नॅपशॉटवर गेलो, जुन्या आवृत्तीत फोल्डर केला, आत दोन चिठ्ठ्या ठेवल्या. एकीत लिहिलं 'उघड', दुसरीत 'कृपा करून'. बंद केला. नवी आवृत्ती चढवली. बेचाळीस मिनिटं खुर्चीवरून उठलो नाही. ही चहा हातात देऊन गेली.

पुन्हा सुरू. पासवर्ड. 'हा फोल्डर उघडता येत नाही.'

टाळी वाजवली मी! वेड्यासारखी! मोडलं म्हणून आनंद झालेला माणूस जगात मीच असेन. पण म्हणजे डिस्कचा काही संबंध नाही. आतल्या डब्यातही तेच होतंय, आणि हवं तितक्या वेळा करून दाखवता येतंय. पायऱ्या लिहून पाठवल्या. तीनदा तपासून.

सहा मार्चला चाळीस मिनिटं दिली असती तर हे सगळं त्याच दिवशी कळलं असतं.

२८ मार्च, शुक्रवार

सापडलं! चार डिस्कवाल्यालाच सापडलं. नव्या आवृत्तीला जुन्या पद्धतीचं कुलूपच ओळखता येत नव्हतं. त्यांनी लिहिलंय, आतल्या कागदांना धक्काही लागलेला नाही, होते तसे आहेत. दुरुस्तीची कच्ची प्रत दिली. प्रसिद्ध करण्याआधी दहा वेळा करून बघायला सांगितलंय.

मी अकरा करणार.

ताईला सांगायला जिना धावत चढलो. "ताई, तुझी पानं शाबूत आहेत! दोनचार दिवसांत उघडेल!"

ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. चिमटा हातात तसाच. "कोण म्हणालं?"

"ज्यानं दुरुस्त केलं तोच."

"जाऊ दे रे, ठोंब्या," ती म्हणाली. "झालं ते झालं. मी सोडलं आता ते काम. नको उघडूस."

"अगं, चारशे पानं!"

"नको म्हटलं ना." ओला टॉवेल दोनदा झटकला. "तुला माझं काही ऐकायचंच नसतं. लहानपणापासून."

एवढं मोठं मन कुठून आणते? माझी लाज राखायला चारशे पानांवर पाणी सोडतेय. मला ते घ्यायचं नाही. मी माझं नुकसान माझ्या हातानं भरून देणार.

३० मार्च, रविवार

सात झाल्या. सातही वेळा फोल्डर उघडला, आतल्या दोन्ही चिठ्ठ्या जागच्या जागी.

ताई जेवायला आली नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

१ एप्रिल, मंगळवार

अकरा. खूण केली. चौकटीत 'हो'. या वेळी खरं 'हो' होतं.

बाईंनी लिहिलं: "शाबास. उद्या प्रसिद्ध होईल. खऱ्या मशीनवर पहिलं उघडेल ते तुमच्या ताईंचं असू दे. कळवा, वाट बघतेय." चार डिस्कवाल्यानंही अंगठा दाखवला. तेवढ्यानं छाती भरून आली, लहान पोरासारखी.

ताई आजही आली नाही. ही डबा घेऊन वर गेली तर दार अर्धंच उघडलं म्हणे.

गुरुवारी ही ताईला डोळे तपासायला नेणार आहे. दोघी दोन तास नसतील. वरच्या घराची किल्ली आमच्याकडे असतेच. ती परत येईल तेव्हा पडद्यावर वकीलकाकांचं पहिलं पान उघडं असेल. मग बोल म्हणावं, नको उघडूस!

३ एप्रिल, गुरुवार

उघडला. ताईच्या मशीनवर दुरुस्ती चढवली आणि पहिल्या झटक्यात.

आत काही नाही. मला वाटलं, दुरुस्ती फसली. माहिती काढून बघितली. फोल्डर दीड वर्षापूर्वी केलेला, आणि केल्या दिवसापासून आत एकदाही काही ठेवलेलं नाही. एक पान नाही, एक ओळ नाही.

वकीलकाका खरंच विचारत होते. ताई किती महिन्यांत दिसली नाही, एवढंच.

पुन्हा कुलूप लावलं. खुर्ची होती तशी सरकवली. बाईंचा निरोप येऊन पडलाय: "उघडलं का, काका?" खाली सगळे वाट बघतायत. त्यांना काय लिहू?

जिन्यात दोघींशी गाठ पडलीच. ताईच्या डोळ्यांत थेंब घातलेले, भिंतीला हात लावून चढत होती. माझ्या हातात तिच्या घराची किल्ली. पायरीवरच थांबली.

"काय रे?" ती म्हणाली. "उघडलं?"

"नाही," मी म्हटलं. "नाही उघडत ते, ताई. गेलंच ते."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, दिसत नसताना. मग हातातली पिशवी मला धरायला दिली.

"तुमच्याकडे जेवायला काय आहे रे आज?"